सतराशे साठ वेळा, पण स्पॅनिशमध्ये

प्रश्न : मी अंधेरीला एका कंपनीत इंग्रजी मालिकांची स्पॅनिश सबटायटल्स करते. एका प्रसंगात आई मुलावर खेकसते, 'अम्प्टीन वेळा सांगितलं तुला!' मी 'मुचास बेसेस' लिहिलं. 'अळणी' असा शेरा मारून ते परत आलं. काय लिहू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शेरा बरोबर आहे हो. 'मुचास बेसेस' म्हणजे 'पुष्कळ वेळा'. चिडलेली आई इतकं जपून बोलते होय? आपली आई 'सतराशे साठ वेळा सांगितलं' म्हणते. ऐकायला आकडा, पण मोजलाय कुणी? अम्प्टीनही तसलाच, थर्टीन-फोर्टीनचं शेपूट लावलेला लबाड आकडा.

स्पेनमध्ये त्याचा सख्खा भाऊ आहे : 'त्रोपेथिएन्तोस'. तीनशेला 'त्रेस्थिएन्तोस' म्हणतात, त्याच साच्यातला. या साच्यानेच मला एकदा तोंडघशी पाडलं. माद्रिदच्या पाहुण्याला घेऊन संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर उभी होते. गर्दी बघून तो काहीतरी म्हणाला आणि मी यजमानांना ऐटीत सांगितलं, 'इथे तीनशे माणसं आहेत म्हणतो.' यजमान म्हणाले, 'तीनशे तर नुसती जिन्यावर आहेत!' तो 'त्रोपेथिएन्तास' म्हणाला होता, हे मला परळ येईतो कळलं नाही.

आता तुमचं काम. आधी विचारा, प्रेक्षक कुठले? स्पेनचे असतील तर 'त्रोपेथिएन्तास बेथेस' बिनधास्त लिहा. वेळ हा शब्द स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी 'तास', 'तोस' नव्हे. लॅटिन अमेरिकेसाठी मात्र 'ते लो ए दिचो मिल बेसेस', हजार वेळा सांगितलं. हे सगळीकडे चालतं, शिवाय ओळीत मावतं, आणि सबटायटलवाल्याला त्याहून काय हवं! वेळांऐवजी वस्तू असतील, म्हणजे अम्प्टीन साड्या, अम्प्टीन फायली, तर 'उन मोन्तोन दे'. मोन्तोन म्हणजे चक्क ढीग. 'अम्प्टींथ', म्हणजे 'कितव्यांदा तरी', आलं तर 'पोर एनेसिमा बेस'. त्यातला 'एन' गणितातला, कुठल्याही संख्येसाठी वापरतात तो.

मेक्सिकोत 'उन चोर्रो', म्हणजे धार, असंही म्हणतात. तिथलाच 'उन चिंगो' कानावर पडेल, अर्थही तोच. पण तो शिवराळ आहे, आईच्या तोंडी घालू नका. मुलगा दाराआड पुटपुटत असेल तर बघू.