एर्दिगला जा, आणि मागच्या दारापासून सुरुवात करा

तुमचा मुक्काम चेस्टरला आहे, आई-बाबा सोबत आहेत, हातात दोन दिवस आहेत आणि वेल्समधली एक जुनी हवेली व भोवतालचा गावाकडचा भाग निवांत बघायचा आहे. 'राजवाडे बघून आई-बाबांना कंटाळा आलाय, तीच झुंबरं आणि तीच तैलचित्रं,' असंही तुम्ही लिहिलंय. त्या वाक्यामुळेच माझं उत्तर ठरलं: रेक्सममधलं एर्दिग. मी लिव्हरपूलला राहते. भारतातून कुणी आलं की मी त्यांना इथे घेऊन जाते. (नकाशात शोधताना स्पेलिंगमध्ये दोन 'डी' टाका.)

चेस्टरहून रेक्समला रेल्वेने साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. स्टेशनपासून हवेली तीनेक किलोमीटरवर आहे. एकटी असते तर मी क्लुवेडॉग नदीच्या काठाने, झाडीतून चालत जाते. आई-बाबांना मात्र टॅक्सीने न्या, शेवटी चढ आहे आणि पुढे आत बरंच चालायचंय.

एर्दिगचं वेगळेपण आवारात शिरल्याशिरल्या कळतं. बहुतेक हवेल्यांत पाहुण्यांना दर्शनी पायऱ्यांवरून दिवाणखान्यात नेतात. इथे तुम्ही मागून शिरता. आधी सुतारशाळा, लाकूड चिरायचा खड्डा, लोहाराची भट्टी, मग तबेले, बग्ग्या, जुन्या सायकली. त्यानंतर धुणीघर आणि भटारखाना. धुणीघरात कपडे दाबून सपाट करायची एक अजस्र लाकडी पेटी आहे. ती दगडांनी भरलेली असते आणि रुळांवरून पुढे-मागे ढकलायची. ती चालवणाऱ्या बायकांच्या खांद्यांचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. स्वयंपाकघर 1770च्या दशकातलं. आगीच्या भीतीने ते आधी घरापासून वेगळं बांधलं होतं, नंतर जोडलं. वरच्या मजल्यावरच्या दिमाखदार खोल्या येतात त्या हे सगळं बघून झाल्यावर. तोवर तिथल्या प्रत्येक चादरीमागे आणि चांदीच्या प्रत्येक ताटामागे कुणाचे हात होते, ते डोळ्यांसमोर असतं.

पण मी आग्रह धरतेय तो नोकरांच्या जेवणघरासाठी. तिथे भिंतीवर तैलचित्रं आहेत, आणि ती मालकांची नाहीत. 1790च्या दशकात घराचा तेव्हाचा मालक, पहिला फिलिप यॉर्क, याने डेन्बीच्या जॉन वॉल्टर्स नावाच्या चित्रकाराकडून आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली आणि प्रत्येकावर स्वतः कविता रचून ती चित्रातच लिहवली. लोहार विल्यम विल्यम्स आहे, स्वयंपाकघरातला हमाल जॅक निकोलस आहे. जेन एब्रेल नावाची मोलकरीण आहे, चित्र काढलं तेव्हा 87 वर्षांची. कोळिष्टकं काढणारी हीच तिची ओळख, आणि झाडू हातात घेऊन ती सरळ तुमच्याकडे बघते. पुढच्या पिढ्यांनी ही प्रथा चालू ठेवली. 1852 मध्ये कॅमेरा आला तेव्हा नोकरांना घरासमोर उभं करून फोटो काढले, प्रत्येकाच्या हातात त्याच्या कामाचं अवजार. त्या फोटोंखालीही पद्यं आहेत. सव्वाशे-दीडशे वर्षं एका घराने आपल्या माळ्याची, आचाऱ्याची, गाडीवानाची नावं आणि चेहरे जपले. आपल्याकडच्या वाड्यांमध्ये पागा दाखवतात, मुदपाकखाना दाखवतात, पण तिथे राबलेल्या माणसाचं नाव मी आजवर कुठल्या पाटीवर वाचलेलं नाही.

या चित्रांकडे भाबडेपणानेही बघू नका. त्याच भिंतीवर हातात शिंग धरलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाचं चित्र आहे, बाकीच्यांपेक्षा जुनं. त्याच्यावरची कविता कैक वर्षांनी लिहिली गेली. तो खरोखर इथे घोडागाडीवर कामाला होता का, हेही ठरलेलं नाही. आणि 1907 मध्ये एलन पेंकेथ या स्वयंपाक आणि घरकारभार बघणाऱ्या नोकर बाईवर 500 पौंड चोरल्याचा आरोप याच घराने ठेवला. तिला अटक झाली, खटला उभा राहिला आणि ती निर्दोष सुटली. कविता लिहिणाऱ्या मालकांच्या हातात नोकराचं सगळं आयुष्य होतं, हे त्या खोलीत उभं राहून आठवायला हवं. मला एर्दिग आवडतं त्याचं एक कारण हेच, की तिथे दोन्ही गोष्टी दिसतात.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर हे आधीच सांगून ठेवा: या घराचा धागा थेट मराठ्यांपर्यंत येतो. हवेली बांधली जोशुआ एडिसबरीने, 1684 ते 1687 या काळात. बांधकामाच्या हौसेपायी तो कर्जात बुडाला आणि त्याला पैसे देणाऱ्यांमध्ये होता एलिहू येल. ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर, आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला ज्याचं नाव आहे तोच. याच येलच्या कारकिर्दीत, 1690 मध्ये, कंपनीने कडलूरजवळचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. तेव्हा राजाराम महाराज जिंजीत होते. किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथवर जाईल तिथवरचा मुलूख कंपनीचा, असा तो सौदा होता. येलने किल्ल्याला नाव दिलं सेंट डेव्हिड, वेल्सच्या संताचं. एर्दिगच्या शाही शयनगृहात लाखकामाचा एक पूर्वेकडचा पडदा आहे, तो येलने मद्रासहून एडिसबरीला पाठवलेला समजला जातो. येलची कबर रेक्सममध्येच, सेंट जाइल्सच्या चर्चच्या आवारात आहे. परतताना दहा मिनिटं तिथे थांबा, चर्चचा मनोराही बघण्यासारखा आहे.

एडिसबरीचं दिवाळं निघाल्यावर जॉन मेलर या लंडनच्या श्रीमंत वकिलाने घर घेतलं, वाढवलं आणि उत्तमोत्तम सामानाने भरलं. चिनी भरतकामाच्या रेशमाचा पलंग त्याच्याच काळातला, 1720च्या सुमाराचा. मेलर अविवाहित होता, म्हणून 1733 मध्ये घर भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे गेलं. तिथून पुढे 240 वर्षं मालक एक तर सायमन तरी, नाहीतर फिलिप तरी! या घराण्याला काही टाकून देणं जमत नसे, त्यामुळे प्रत्येक पिढीचं सामान तिथे साचत गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर घराखालून बर्शम खाणीतला कोळसा काढला गेला आणि हवेली एका बाजूने सुमारे दीड मीटर खचली. छत गळू लागलं, भिंतींना तडे गेले. शेवटचा मालक तिसरा फिलिप एकटाच, विजेशिवाय, त्या पडझडीत राहत होता. 1973 मध्ये त्याने सगळं नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं, घरातली कुठलीही वस्तू हलवायची नाही या अटीवर. कोळसा मंडळाकडून 120,000 पौंड भरपाई मिळाली, आवाराची काही जमीन घरबांधणीसाठी विकली, त्यातून दुरुस्ती झाली आणि 1977 मध्ये दारं लोकांसाठी उघडली. खोल्यांत आजही बहुतेक ठिकाणी विजेचे दिवे नाहीत. म्हणून शक्य असेल तर लख्ख उजेडाचा दिवस निवडा आणि घर दुपार कलण्याआधी बघा. ढगाळ संध्याकाळी चित्रं नीट दिसत नाहीत.

बाग घाईत उरकू नका. भिंतींनी वेढलेली ही अठराव्या शतकातली आखीव बाग आहे: सरळ कालवा, दोन्ही बाजूंनी ओळीत छाटलेली लाइमची (लिंबाची नव्हे, लिंडनची) झाडं, भिंतीला चिकटवून वाढवलेली सफरचंदं आणि नाशपाती. सफरचंदांच्या जुन्या, दुकानात कधी न दिसणाऱ्या जाती इथे आहेत, म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलात तर उत्तमच. बागेबाहेरचं रान विल्यम एम्स या उद्यानरचनाकाराने आखलं. तिथे ओढ्याचं पाणी एका गोल दगडी बशीत पडून मधल्या भोकातून खाली गुडुप होतं. त्याला 'कप आणि बशी' म्हणतात. आईंना ते नक्की आवडेल. त्याच रानातून वॉट्स डाइक हा हजार वर्षांहून जुना मातीचा बांध जातो. पाऊस पडून गेला असेल तर पायात चांगले बूट हवेत, चिखल भरपूर होतो.

खाण्याचं: तिथल्या उपाहारगृहात चहा, केक, भाजलेला बटाटा मिळतो. शाकाहारी असाल तर वेल्श केक घेताना विचारून घ्या. जुन्या पद्धतीत त्यात डुकराची चरबी घालतात, हल्ली बऱ्याच ठिकाणी लोणी असतं.

दुसऱ्या दिवशी पॉन्टकसिल्टेचा जलसेतू. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांनी 1795 ते 1805 मध्ये डी नदीच्या खोऱ्यावरून हा कालवा नेला. 307 मीटर लांबीची लोखंडी पन्हळ, 38 मीटर उंचीवर, दगडी खांबांवर तोललेली, आणि तिच्यातून अजून बोटी जातात. चालायच्या बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. उंचीची भीती वाटणाऱ्याने बोटीत बसू नये, कठड्याच्या बाजूने चालावं किंवा खालून नदीकाठावरून बघावं. खालूनच तो जास्त भव्य दिसतो असं मला वाटतं. दुपारी लँगोलेन गाव, नदीवरचा जुना पूल, वाफेची रेल्वे. वर टेकडीवर डिनास ब्रान किल्ल्याचे भग्नावशेष आहेत, पण चढण खडी आहे. आई-बाबांना खाली चहाला बसवून तुम्ही एकट्याने जा.

पोविसचा किल्ला मी या दोन दिवसांत मुद्दाम धरलेला नाही. तिथे क्लाइव्ह घराण्याने भारतातून आणलेल्या वस्तू आहेत, टिपूचा छापील सुती तंबूसुद्धा. तो बघताना संताप येतो, आणि यायलाच हवा. त्यासाठी वेगळा पूर्ण दिवस काढा, एर्दिगला जोडून उरकू नका. नॅशनल ट्रस्टचं सदस्यत्व घेतलंत तर एर्दिग, पोविस आणि वाटेवरचा चर्कचा किल्ला तिन्हीकडे चालतं. हिवाळ्यात घराच्या खोल्या बऱ्याचदा बंद असतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तारखा आणि वेळा बघून घ्या.