कंपनी मला फंक्शन पॉइंट मोजणीच्या तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवतेय. स्टोरी पॉइंटच्या काळात त्याचा काही उपयोग आहे का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत टेस्टिंगमध्ये पाच वर्षं झाली, मॅनेजरने न विचारता तुमचं नाव यादीत टाकलं, टीममधले म्हणतात की हे सगळं कालबाह्य झालंय, आणि तीन दिवसांचं राहिलेलं काम शनिवारी भरून काढावं लागेल अशी भीती वाटते. भीती रास्त आहे, तिच्याकडे शेवटी येते.

ट्रेनिंगला जा. टेस्टिंगवाल्यांनी तर जावंच. फंक्शन पॉइंट म्हणजे वापरणाऱ्याला काय मिळणार यावरून काढलेला सॉफ्टवेअरचा साइज, आणि स्टोरी पॉइंट म्हणजे टीमने आपापसात लावलेला कामाचा अंदाज. मीही टेस्टिंगमधूनच या मोजणीत आले. महापेला एका कंपनीत होते, ज्याला पाठवायचं ठरलं होतं तो ऑनसाइट गेला आणि माझं नाव घुसडलं गेलं. वाशीला एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये तीन दिवस बसलो होतो. पहिल्या दिवशी सरांनी काही शिकवायच्या आधीच दोन पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाटलं आणि म्हणाले, "याचा साइज सांगा." कोणी कोडच्या ओळींचा अंदाज केला, कोणी स्क्रीन मोजल्या, मी छातीठोकपणे 'पंचेचाळीस मॅन-डेज', म्हणजे एका माणसाचं पंचेचाळीस दिवसांचं काम, असं लिहून दिलं. सर म्हणाले, "मॅडम, मी क्षेत्रफळ विचारलं. तुम्ही भाडं सांगितलंत."

जन्म ठाण्यातला असल्यामुळे हे एका फटक्यात कळलं. नौपाड्यातला सहाशे फुटांचा फ्लॅट आणि दिव्यातला सहाशे फुटांचा फ्लॅट, क्षेत्रफळ तेवढंच आणि भाडं कुठल्या कुठे. सॉफ्टवेअरचंही तसंच. साइज म्हणजे वापरणाऱ्याला काय आणि किती मिळणार, आणि एफर्ट म्हणजे ते कोण, कशात, किती घाईत बांधणार. आपल्याकडे नव्वद टक्के भांडणं या दोन गोष्टी एकत्र कालवल्यामुळे होतात. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागातून आलाय, कुठल्या अभ्यासातून नाही.)

ही मोजणी सुरू झाली तीही अशाच अडचणीतून. आयबीएममधल्या अ‍ॅलन अल्ब्रेक्ट यांना वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या प्रोजेक्टांची तुलना करायची होती. ओळी मोजून ते जमेना, कारण तेच काम एका भाषेत हजार ओळी घेतं आणि दुसरीत तीनशे. मग जास्त ओळी लिहिणारा जास्त कामाचा ठरतो. त्यांनी १९७९ मध्ये फंक्शन पॉइंट मांडले. कोडकडे बघायचंच नाही, वापरणाऱ्याच्या बाजूने बघायचं. १९८६ मध्ये इफपग ही फंक्शन पॉइंट वापरणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि नियमांचं पुस्तक तिच्याकडे आलं. आता कोड मशीन लिहून देतं म्हणून ही पद्धत संपली, असं तुमचे मित्र म्हणत असतील तर त्यांना हे सांगा. ओळींची किंमत शून्य झाली तरी 'ग्राहकाला पावती मिळाली का' हा प्रश्न उरतोच, आणि ही पद्धत तोच मोजते.

नियम पाठ करायला अवघड नाहीत. पाच प्रकारच्या गोष्टी मोजायच्या: आपण सांभाळतो त्या फाइल्स, दुसऱ्याच्या सांभाळलेल्या पण आपण वाचतो त्या फाइल्स, आत येणारे इनपुट, गणित करून बाहेर जाणारे आउटपुट, आणि नुसतं काढून दाखवणारी इन्क्वायरी. प्रत्येक गोष्ट सोपी, मध्यम किंवा अवघड, आणि तिला त्याप्रमाणे गुण. आपली फाइल ७, १० किंवा १५. परकी ५, ७ किंवा १०. इनपुट आणि इन्क्वायरी ३, ४, ६. आउटपुट ४, ५, ७. अर्ध्या दिवसात हे संपतं. खरी मजा पुढे आहे, ती तुम्हाला आमच्या सोसायटीवरून सांगते. सेक्रेटरी काकांना मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर करून घ्यायचं होतं आणि मी हौसेने मोजून दिलं.

तीन फाइल्स: सभासद, बिलं, पावत्या. सभासदाच्या फाइलमध्ये तीन गट होते, स्वतः सभासद, नॉमिनी आणि गाड्या, आणि सगळी मिळून १८ फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने. दोन ते पाच गट आणि १९ पर्यंत फील्ड म्हणजे सोपी, गुण ७. काका म्हणाले, पर्यायी मोबाइल आणि ईमेलही टाक. झाली २० फील्ड, म्हणजे मध्यम, गुण १०. आपण सहज म्हणतो ना, एकोणीस-वीसचा फरक, तो इथे बरोबर तीन पॉइंटांचा असतो. त्या दिवशी मी ती दोन फील्ड बाजूलाच ठेवली. तिन्ही फाइल्स सात-साताने २१ झाल्या.

मग व्यवहार. सभासद नोंदवणं ४, बदलणं ४. काढून टाकणं ३, कारण त्यात फील्ड मोजकी असतात, फक्त थकबाकी तपासावी लागते. महिन्याची बिलं तयार करणं ६, पावती करणं ६. बँकेचं स्टेटमेंट अपलोड करून त्यातून पावत्या पाडणं, तेही ६. सभासदांची यादी ३, बिलाची प्रिंट ४, आजच्या तारखेपर्यंतचं व्याज लावून थकबाकीदारांची यादी ५. व्यवहारांचे ४१, अधिक २१, एकूण ६२.

यातल्या बँक स्टेटमेंटपाशी ट्रेनिंगमध्ये निम्मा वर्ग आपटतो, मीही आपटले होते. बँकेची फाइल आहे, आपली नाही, म्हणून ती 'परकी फाइल' असं लिहून मोकळे होतात. पण परकी फाइल म्हणजे दुसऱ्या अ‍ॅप्लिकेशनने सांभाळलेली आणि आपण तिथल्या तिथे वाचतो ती. इथे स्टेटमेंट दारातून आत येतं, आपल्या पावत्या भरतं आणि त्याचं काम संपतं. ते पत्र आहे, कपाट नव्हे. म्हणून इनपुट. ट्रेनिंगचं मोल असल्या जागांवर आहे. गुणांचा तक्ता काय, कुठेही मिळेल. पण 'हद्द कुठे आखायची' हे माणसासमोर बसून, वाद घालूनच कळतं. रेरा हा घरबांधणीचा कायदा आल्यावर फ्लॅटच्या कार्पेट एरियाची व्याख्या एकदाची ठरली, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या धरायच्या नाहीत, बाल्कनी नाही. त्याआधी प्रत्येक बिल्डरचा फूट वेगळा होता. हद्द न आखता मोजलेलं सॉफ्टवेअर त्या जुन्या फुटांसारखंच.

बिल्डरचं 'लोडिंग', म्हणजे कार्पेटवर चढवलेले जास्तीचे फूट, तेही इथे आहे बरं का. कामगिरी, सुरक्षितता, एकापेक्षा जास्त ठिकाणी वापर अशा १४ गोष्टींना शून्य ते पाच गुण देऊन मूळ आकड्याला ०.६५ ते १.३५ पर्यंतच्या एका गुणकाने गुणायची जुनी रीत आहे. आयएसओच्या मानकात मात्र हा गुणक घेतलेला नाही, तिथे न फुगवलेला आकडाच चालतो. तुमच्या प्रशिक्षकाने या १४ गोष्टींवर अर्धा दिवस घालवला तर चहाला जायला हरकत नाही.

आता मला या सगळ्या प्रकारात सर्वांत आवडणारी गोष्ट. नेस्मा या डच संस्थेची एक झटपट रीत आहे: आपली प्रत्येक फाइल गुणिले ३५, परकी प्रत्येक फाइल गुणिले १५, बस. त्यामागे गृहीत असं की प्रत्येक आपल्या फाइलसोबत साधारण तीन इनपुट, दोन आउटपुट, एक इन्क्वायरी येतेच. आमच्या तीन फाइल्सचे त्या हिशेबाने १०५ होतात. मी मोजलेले ६२. रीत ढोबळ आहे, तीन फाइल्सवर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, पण एवढी दरी पडली की विचारायचं, काय राहिलं? मी यादी पुन्हा उघडली. पावती रद्द करायची सोयच नव्हती. चेक बाउन्स झाला तर काय करणार? चुकलेलं बिल दुरुस्त करायला काही नाही. पावतीची प्रिंट नाही. सभासदाला स्वतःचा खातेउतारा मागता येत नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, "अगं, ते तर लागणारच, ते काय लिहायचं असतं का?"

हे वाक्य तुम्ही ऐरोलीतही रोज ऐकत असाल, फक्त इंग्रजीत. टेस्टर म्हणून तुम्ही ही भोकं सॉफ्टवेअर बनून आल्यावर शोधता. मोजणी करणारा तीच भोकं कागदावर शोधतो, कोणी एक ओळ लिहायच्या आधी. नजर तीच आहे, म्हणून म्हटलं की टेस्टिंगवाल्यांनी जावंच.

स्टोरी पॉइंटशी याचं भांडण नाही. पुढच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या पुढच्या छोट्या टप्प्यात, किती उचलायचं हे टीमने आपापसात ठरवायला स्टोरी पॉइंट छान आहेत. पण तुमच्या टीमचे आठ आणि पलीकडच्या क्युबिकलमधल्या टीमचे आठ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, आणि ते तसेच असायला हवेत. क्लायंटशी 'इतक्या कामाचे इतके पैसे' असा करार करायचा असेल तर दोघांनाही बाहेरून तपासता येईल असं माप लागतं. ब्राझीलमध्ये सरकारी सॉफ्टवेअरची बरीच कंत्राटं फंक्शन पॉइंटवर होतात ती याच कारणाने.

मर्यादाही ऐका, कारण ट्रेनिंगमध्ये त्या घाईघाईत सांगितल्या जातात. बग फिक्सिंगला यात पॉइंट मिळत नाहीत, कारण वापरणाऱ्याला नवीन काहीच मिळत नाही. आत भयंकर गणित असलेलं पण बाहेरून एकच आकडा देणारं सॉफ्टवेअर यात केविलवाणं लहान दिसतं. रिअल-टाइम किंवा एकावर एक थर असलेल्या सिस्टिमला कॉस्मिक पद्धत जास्त बरी बसते. तिथे डेटाची प्रत्येक हालचाल, आत येणं, बाहेर जाणं, वाचणं, लिहिणं, एकेक पॉइंट. आणि ६२ पॉइंट म्हणजे किती दिवस, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही. ते तुमच्या कंपनीच्या जुन्या प्रोजेक्टांच्या टाइमशीटमध्ये आहे, त्या खऱ्या भरल्या असतील तर.

एका जुन्या कंपनीत, नाव सांगत नाही, मला एका बिडसाठी, म्हणजे कंत्राटाच्या बोलीसाठी, मोजायला बसवलं. माझा आकडा चारशेच्या वर गेला. सेल्सवाल्यांनी क्लायंटला आधीच एक किंमत बोलून ठेवली होती, तिच्यात जेमतेम तीनशे बसत होते. मॅनेजर म्हणाले, "जरा बसवून दे ना." मी नाही म्हणू शकले नाही, तेव्हा होम लोन नवीन होतं. वेगवेगळे रिपोर्ट 'एकच रिपोर्ट' धरले, दोन फाइल्सची एक केली. पण कुठे काय दाबलं ते मी शेजारच्या कॉलममध्ये लिहून ठेवलं. आठ महिन्यांनी प्रोजेक्ट गाळात गेला आणि 'एस्टिमेशन कोणाचं होतं' अशी मीटिंग लागली, तेव्हा तो कॉलम मी सगळ्यांसमोर उघडला. माझ्यावर आलं नाही. मॅनेजरवरही आलं नाही म्हणा, ते तोवर दुसरीकडे गेले होते. आकडा दाबायला सांगणारे तुम्हालाही भेटतील. तो कॉलम तेवढा ठेवा.

तयारी म्हणाल तर एकच करा. तुमच्या चालू प्रोजेक्टचं, चार-पाच पानांचं, गोपनीय काही नसलेलं डॉक्युमेंट बरोबर न्या आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाला ते वर्गात मोजायला सांगा. पुस्तकी उदाहरणं स्वच्छ असतात. आपल्या डॉक्युमेंटमध्ये 'एटसेट्रा' आणि 'अ‍ॅज पर एक्झिस्टिंग' असलं काहीतरी असतं, तिथे खरा वाद रंगतो. चांगला प्रशिक्षक खूश होईल, नुसता स्लाइड वाचणारा चिडेल, आणि तुम्हाला कळेल की आपल्या वाट्याला कोण आलंय.

सीएफपीएस, म्हणजे सर्टिफाइड फंक्शन पॉइंट स्पेशालिस्ट, या परीक्षेची घाई करू नका. एकूण ९० टक्के आणि प्रत्येक भागात किमान ८० टक्के लागतात, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेतली हुशारी इथे पुरत नाही. आधी सहा महिने खरी डॉक्युमेंटं मोजा, दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, आणि क्लायंट मागत असेल किंवा कंपनी फी भरत असेल तरच बसा.

आणि शनिवारचं. ट्रेनिंगचे तीन दिवस टाइमशीटमध्ये कुठल्या प्रोजेक्ट-कोडवर भरायचे ते जायच्या आधी मॅनेजरला मेलवर विचारा, तोंडी नको. माझे तीन दिवस रजेत धरले होते.