सातबाऱ्यावरचे ‘एकुमॅ’ म्हणजे काय?

प्रश्न : आजोबांनंतर सातबाऱ्यावर थोरल्या काकांचे नाव लागले, पुढे ‘एकुमॅ’. जमीन आपल्या एकट्याचीच, असे ते म्हणतात. खरे काय?

उत्तर : ‘एकुमॅ’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे कारभारी, एकटा मालक नव्हे! बाकी वारसांची नावे चढली नाहीत म्हणून त्यांचा हक्क बुडत नाही. नावाशेजारी वर्तुळात फेरफार (हक्कबदलाची नोंद) क्रमांक असतो. त्या जुन्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून आधी काढा. वारसांची यादी बहुधा तिथेच सापडते. ती जोडून बाकी वारसांची नावे लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करा. नोटिशीनंतर हरकतीला 15 दिवस असतात. जमीन विकत घेणाऱ्यांनीही एकट्या एकुमॅच्या सहीवर विसंबू नये, इतर वारस पुढे दावा लावतात. ‘अपाक’ दिसले तर तो अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीन वारसाचा, पालनकर्ता. मूल 18 वर्षांचे झाले की हा शेरा कमी करून घ्यावा.