ऐन रागात विचार का सुचत नाही?

प्रश्न: देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मार्च-एप्रिलमध्ये आभाळ भरून आलं, गड्याने क्रेट आपटला किंवा वाशीहून भाव पडल्याचा फोन आला की माझा ताबा सुटतो. गड्यांना, सतरा वर्षांच्या मुलाला वाट्टेल ते बोलतो आणि तासाभराने पस्तावतो. घरची मंडळी म्हणतात, ‘बोलण्याआधी विचार करा.’ पण तेव्हा विचारच सुचत नाही. मी मनाने कमकुवत आहे का?

उत्तर: नाही. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. कपाळामागे मेंदूचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग असतो. परिणामांचा अंदाज बांधणं, जिभेवर आलेला शब्द आवरणं ही त्याची कामं. धोका जाणवला की मेंदूत खोलवर असलेला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला जागा होतो आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन ही रसायनं झपाट्याने वाढतात. ती बेताची असतात तोवर कपाळामागचा भाग उत्तम चालतो. फार वाढली की तिथल्या पेशींमधले दुवे तात्पुरते ढिले पडतात. मग कारभार सवयीकडे जातो, आणि सवय ओरडण्याची असली की माणूस ओरडतो. तुडतुड्यांसाठीची पहिली फवारणी तुम्ही मोहोर फुटण्याआधी पालवीवरच करता ना? हेही तसंच आधी ठरवून ठेवायचं काम आहे.

आज रात्री वहीत एकच वाक्य लिहा: ‘क्रेट आपटल्याचा आवाज आला, की मी आधी पाण्याच्या पिंपापर्यंत चालत जाईन, मगच बोलेन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासलेली ही पद्धत आहे. इशारा आणि कृती आधीच जोडलेली असली की ऐनवेळी विचारावर भार पडत नाही. ‘मी रागावणार नाही’ असं लिहिलंत तर फसेल, कारण मग नेमकं काय करायचं ते त्यात नाही. एकदम चार-पाच वाक्यंही नकोत. रोज सकाळी बागेत शिरताना ते मोठ्याने म्हणा आणि पिंपापर्यंत खरोखर चालून पाहा.

पिंपापाशी चार सेकंद नाकाने श्वास घ्या, सहा सेकंद सावकाश सोडा. मिनिटाला सहा श्वास, दोन-तीन मिनिटं. श्वास सोडण्याचा काळ लांबला की हृदयाची गती उतरते. जोर लावून खोल श्वास घेतलात तर मात्र गरगरेल आणि घाबरल्यासारखं होईल. श्वास हलकाच हवा. मग भावनेला नेमकं नाव द्या. ‘डोकं फिरलंय’ यापेक्षा ‘पावसाने फळ डागाळेल याची भीती वाटतेय’ हे म्हणणं उपयोगी, कारण भावना शब्दांत मांडताना अमिग्डालाची उसळी कमी होते. नुसता राग गिळू नका. चेहरा शांत दिसतो, पण शरीरातला ताण तसाच राहतो.

हे सगळं झोपेवर उभं आहे. हंगामात रात्री दोनपर्यंत पेट्या भरून पहाटे पाचला उठलात, तर दुसऱ्या दिवशी अमिग्डालावरची कपाळामागची पकड सैल असते. निदान रात्रीआड सहा-सात तास झोप मिळेल अशा पाळ्या लावा. शीण घालवायला दारू घेत असाल तर ती याच भागाला सुस्त करते आणि उत्तररात्रीची झोपही मोडते.

मुलाचं म्हणाल, तर त्याचा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होईल. त्यामुळे वाद पेटला की आधी थांबायचं ते तुम्ही.

हात उगारला जात असेल, दोन आठवडे झोप उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही दाखवता येईल.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): मुलीचा अभ्यास चांगला आहे, पण पेपर हातात पडला की सगळं विसरते.

उत्तर: कारण तेच. वाचलेलं आठवून मांडण्याची जागा काळजीने अडवलेली असते. पेपरला बसण्याआधी दहा मिनिटं तिला कागदावर मनातली भीती जशीच्या तशी लिहू द्या. सुंदर लिहायला सांगू नका, वाचूही नका. घरी घड्याळ लावून, टेबलाशी बसून जुने पेपर सोडवून घ्या. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण नको.