तेलाचं नंतर, आधी मुंग्यांचं

प्रश्न : डॉक्टरीणबाई, नमस्कार. माझं वय ३९, गाव आर्णी तालुक्यात. मे महिन्याच्या शेवटी नागपूरला वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, जठर कापून लहान करतात ते. तेव्हा ११८ किलो होती, आता ९६ आहे. शुगरची गोळीही बंद झाली. पण केस मूठमूठ गळून राहिले. सासूबाई म्हणतात, "पैसे देऊन टकली झाली." बाया विचारतात, "काहून वं, बिमार हायेस का?" कोणतं तेल लावू? पोळ्याला पुरणपोळी चालते का, तेही सांगा. बाकी बरं आहे. तीन आठवड्यांपासून खाल्लेलं उलटून पडते, म्हणून गावातल्या डॉक्टरकडून दोनदा सलाईन लावून घेतलं. पायाला मुंग्या येतात, निंदायला गेली की धुऱ्यावर तोल जातो. अशक्तपणा असेल.

उत्तर : ताई, आर्वीतल्या माझ्या दवाखान्यातही असंच होतं. बाई पंधरा मिनिटं गुडघ्याचं सांगते आणि निघताना दारातून वळून म्हणते, "आन् बाई, मधीमधी रगत पडते." तुम्ही विचारलं तेलाचं आणि खरा आजार लिहिला 'बाकी बरं आहे'च्या खाली. अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं, म्हणून पत्रावरच्या नंबरवर त्याच दिवशी फोन केला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुमच्या परवानगीने, नाव न देता हे छापते आहे ते इतर बायांसाठी, आणि खेड्यात सलाईन लावणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंसाठीही.

या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भीती असते ती पिना मारलेली कड झिरपण्याची (ताप, धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात कळ) आणि पिंडरीत झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाण्याची. तो घाट तुम्ही ओलांडला होता. तुमचं दुखणं निराळं होतं.

बी-वन, म्हणजे थायमिन, या जीवनसत्त्वाचा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणं आधीच चार घास, त्यात रोज उलटी, मग ते येणार कुठून? आधी पायाला मुंग्या येतात, मग तोल जातो. तरी दुर्लक्ष केलं तर एकाचे दोन दिसू लागतात, माणूस गोंधळतो आणि मेंदूला झालेली इजा कायमची राहू शकते. यात सलाईन कुठे आलं? आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की ग्लुकोजची बाटली लागते. पण ग्लुकोज जाळायला शरीराला बी-वनच लागतं. उरलंसुरलं त्यात खर्ची पडतं आणि रोगी सुधारायच्या ऐवजी बिघडतो. म्हणून असा रोगी आला की आधी बी-वनचं इंजेक्शन, मगच ग्लुकोज. तुमच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ऑपरेशनचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हीही नाही! ऑपरेशनची फाईल कपाटात साड्यांखाली ठेवून चालत नाही. ताप असो की विंचू चावलेला असो, ती सोबत न्या.

आता उलट्या. माझा पहिला संशय होता भाकरीवर. घाईत खाल्लेली कोरडी भाकर आणि वर गटागटा पाणी, तर ही नळी ते परतच फेकणार. पण तीन आठवडे उलट्या म्हणजे नुसती घाई नव्हे, म्हणून तुम्हाला पुन्हा नागपूरला जायला सांगितलं. दुर्बीण टाकल्यावर नळी मध्येच आवळलेली निघाली आणि ती फुग्याने रुंद केली. तेही नेमकं बी-वन सुरू झाल्यावर, हे चांगलं झालं.

शुगरची गोळी सुटली तशी प्रेशरचीही बहुधा कमी करावी लागेल, ती डॉक्टरांना न विचारता तशीच चालू ठेवू नका. उलट जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. "आता बरं वाटते" म्हणून त्या बंद करणाऱ्या बाया मी बघते, कारण बहुतेक वेळा पैशाचं असतं. परवडत नसेल तर तसं सांगा, स्वस्तातल्या लिहून देता येतात. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, लोहावर चहा नको. निंदून कंबर धरली तर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणू नका, जठराला जखम होते. पॅरासिटामॉल चालेल.

तेल कोणतंही लावा, केस त्याने थांबायचे नाहीत. वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि पुढच्या सहाएक महिन्यांत बहुतेक परत येतात, पोटात प्रथिनं जात असतील तर. रोज किमान ६० ग्रॅम हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच, म्हणजे हिशेब सोपा नाही. दूध, दही, पनीर, अंडी, वरण असं दिवसभर थोडं थोडं, आणि ताटात तेच आधी. सासूबाईंना सांगा, टक्कल पडत नाही.

पोळ्याचं फोनवर राहूनच गेलं. उलट्या थांबून आठवडा झाला असेल तर पुरणपोळी चतकोर खा, तीही वरण खाऊन झाल्यावर. रिकाम्या पोटी गोड गेलं तर घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने घोटघोट घ्या. आणि बैलांना ओवाळताना कुणाला तरी बाजूला उभं करा, तुमचा तोल अजून पुरता आलेला नाही.