बीपीची गोळी चालू असताना कॅल्शियम घेतलं तर चालतं का?

तुमच्या वडिलांना ॲम्लोडिपिन चालू आहे, आता हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलंय. एक गोळी कॅल्शियम अडवणारी, दुसरी देणारी, मग दोन्ही वायाच ना, असं तुम्ही विचारलंय. हेच वाक्य २०१९ साली आमच्या धाकट्या भावोजींनी भरल्या ताटावर म्हटलं होतं, म्हणून लिहायला बसले.

सासूबाईंना ॲम्लोडिपिन ५ आणि कॅल्शियम ५०० दोन्ही चालू होतं. भावोजींनी पाकिटातला कागद वाचला, ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ दिसलं आणि कॅल्शियम बंद. आईंचे पाय सुजतात तेही त्यानेच, म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांना फोन तरी लावा. “वहिनी, गुगलवर सगळं आहे.” आठ महिन्यांनी आई न्हाणीघरात घसरल्या, मनगट मोडलं.

अहो, ती गोळी खाल्लेलं कॅल्शियम अडवतच नाही. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत पेशींना बारीक दारं असतात. त्यातून कॅल्शियम आत गेलं की स्नायू आवळतो. गोळी ती दारं ओढून घेते, वाहिनी सैलावते, बीपी उतरतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तात) मध्ये धरून ठेवतं. रोजच्या एका गोळीने त्यात काय उलथापालथ होणार?

खरा घोळ प्लास्टरनंतर झाला. आमच्याकडे औषधं जुन्या मिसळणाच्या डब्यात. मोहरीच्या वाटीत बीपीची, हळदीच्या वाटीत थायरॉईडची. तिचा पिवळा डाग अजून गेलेला नाही. कॅल्शियम पुन्हा सुरू झालं ते त्याच हळदीच्या वाटीत पडलं आणि सकाळी उपाशीपोटी दोन्ही एका घोटात. टीएसएच चढला, म्हणजे थायरॉईडची गोळी अंगी लागत नव्हती! कॅल्शियम थायरॉईडची गोळी नीट शोषू देत नाही, मध्ये चार तास हवेत. म्हणजे वर्षभर भांडलो बीपीच्या गोळीवरून आणि वाकडं होतं भलतीशीच. ती वाटी मी भरायचे, हे भावोजींनी बरोबर लक्षात ठेवलंय.

आता तुमच्या वडिलांचं. ॲम्लोडिपिनऐवजी त्याच जातीची व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम असेल आणि सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरमसाट जात असेल, तर गोळीचा जोर कमी पडू शकतो. या गोळ्यांचा अतिरेक झाला तर दवाखान्यात शिरेतून कॅल्शियमच देतात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते, काही जण ती रोज घेतात, ते बघा. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणारं, पण कॅल्शियम अंगात धरून ठेवणारं औषध) मिसळलेलं असेल किंवा मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि आठ महिने कॅल्शियम नाही म्हणून मनगट मोडत नाही, ओल्या फरशीवर साबण होता. हे मी घरी अजून कबूल केलेलं नाही.

पाय मात्र ॲम्लोडिपिनने सुजतात, कॅल्शियमने नाही. भावोजी, वाचताय ना?