त्याचं घर सापडलं असलं, तरी टाकू नका

ताई, आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. त्या गृहस्थाच्या घराचा फोटो टाकू नका. सोसायटीचं नाव, गाडीचा नंबर, बायको कुठल्या शाळेत शिकवते, यातलं काही म्हणजे काही टाकू नका. लिहून ठेवलेला मसुदाही पुसा, कारण रात्री बारा वाजता डोकं फिरलं की तो आपोआप जातो.

ज्यांनी मूळ वाद वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताईंनी आपल्या गच्चीवरच्या बागेचे फोटो टाकले होते. निंबोळी पेंडीवरून एका सदस्याशी बोलाचाली झाली, ती आठ दिवस चिघळली आणि शेवटी घराण्यापर्यंत गेली. परवा त्या गृहस्थाने फोटोत कुंड्यांच्या मागे दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीवरून आणि शाळेच्या पाटीवरून इमारत हुडकली. फाटकाचा फोटो, विंग, मजला, सगळं टाकलं, आणि खाली लिहिलं, ‘दुपारी घरी फक्त म्हातारी असते.’ आता ताईंच्या भाच्याने त्याचंही घर शोधून काढलंय. ताईंचा प्रश्न असा, की सुरुवात त्याने केली, मग मी टाकलं तर चूक काय?

त्याने केलं ते भयंकर आहे, याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. शिवी दिली असती तर ती तुम्हाला लागली असती आणि विरली असती. ‘दुपारी घरी फक्त म्हातारी असते’ ही शिवी नव्हे. वाचणाऱ्या हजार अनोळखी माणसांना दिलेली ती वर्दी आहे. पेंडीच्या वादात तुमच्या आईंचा काय संबंध होता? त्यांना तर कदाचित माहीतही नसेल की त्यांच्याबद्दल असं काही लिहिलं गेलंय.

आणि म्हणूनच तुम्ही टाकू नका म्हणतो. त्याच्याही घरात कोणीतरी दुपारचं एकटं असेल.

आता माझं सांगतो. हे मी फार कमी ठिकाणी सांगितलंय. २००९ साली इतिहासावरच्या एका चर्चेत माझं एकाशी कडाक्याचं वाजलं. तो टोपणनावाने लिहायचा, अभ्यास दांडगा होता आणि बोलणं झोंबणारं. एकदा त्याने आपल्या घराचं वर्णन केलं होतं, मागे तालीम, पुढे चिंचेचं झाड, जिन्याखाली विहीर. वाचताक्षणी मला ते घर ओळखू आलं, कारण माझ्या मामाचं घर तिथून तीन दारं पुढे. पुढच्या भांडणात मी एकच ओळ लिहिली, ‘अमुक तालमीमागे तळमजल्यावर राहणाऱ्याने आम्हाला शहाणपण शिकवू नये.’ नाव नाही, घर नंबर नाही. मला वाटलं, काय नेमका वर्मावर घाव घातला. लोकांनी वाहवाही केली.

महिन्याभराने मामाचा फोन आला. त्या घरी रात्री-अपरात्री फोन येत होते, दारावर कोणीतरी काळं ऑइल ओतून गेलं होतं, आणि गल्लीत कुजबूज सुरू होती की त्या घरातल्यांनी काहीतरी वाईट लिहिलंय. मी मामाला घेऊन गेलो. कडी वाजवली. दार साखळीच्या अंतराएवढंच उघडलं. आत एक पंचाहत्तरीचे आजोबा, अंगात बनियन, एक हात कानाच्या यंत्रावर. दाराशेजारी पितळी पाटी होती आणि तिच्यावर खाकी चिकटपट्टी आडवी मारलेली, दोन थरांत. मागे टेबलावर फोनचा रिसीव्हर उचलून घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवलेला दिसत होता. आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, “फोन तुम्हीच करायचात का?”

मुलगा दीड वर्षापासून बंगळुरूला होता. ज्याच्याशी मी भांडत होतो तो त्या घरात राहतच नव्हता. त्याने वर्णन केलं होतं ते आठवणीतल्या घराचं, आणि माझी ओळख पटली ती त्याच्या बापाच्या दाराशी. मी माफी मागितली, चर्चेतली ओळ काढायला लावली, सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मामा त्यानंतर तिथे सहा वर्षं होता. ती चिकटपट्टी तोपर्यंत निघालेली नव्हती.

तेव्हापासून असे वाद मी बारकाईने बघतो, आणि एक गोष्ट परत परत दिसते, की घाव भलत्याच दारावर पडतो. भाच्याने शोधलेलं घर त्याच गृहस्थाचं आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? नाव जुळलं, फोटो जुळला, बरं. तो तिथे आजही राहतो का? भाडेकरू असेल आणि सोडून गेला असेल तर?

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो, कारण ते न्यायालयात शेवटपर्यंत गेलेलं आहे. डिसेंबर २०१७. दोन पोरं ऑनलाइन गेममध्ये दीड डॉलरच्या पैजेवरून भांडली. एकाने दुसऱ्याला आपला पत्ता म्हणून कॅन्ससमधल्या विचिटा शहरातला पत्ता दिला, जो त्याचा जुना पत्ता होता. समोरच्याने लॉस एंजेलिसमधल्या एका तिसऱ्याला सांगून पोलिसांना खोटा फोन करवला, की या घरात खून झालाय आणि माणसं ओलीस धरलीत. पोलिस घराला वेढा घालून उभे राहिले. गडबड कसली म्हणून २८ वर्षांचा एक माणूस दारात आला आणि पोलिसाच्या गोळीने गेला. त्याचा त्या गेमशी, पैजेशी, त्या दोघांशी काडीचाही संबंध नव्हता. खोटा फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली.

शहाण्यासुरत्या, नामवंत माणसांकडूनही हे होतं. २०१२ मध्ये फ्लोरिडात एका कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालून मारलं गेलं आणि सगळीकडे संताप उसळला. तेव्हा चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली यांनी आरोपीचा म्हणून एक पत्ता ट्विटरवर पुढे पाठवला. पत्ता चुकीचा होता. तिथे सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं राहत होतं, त्यांच्या मुलाचं आडनाव आरोपीच्या आडनावाशी जुळत होतं एवढंच. धमक्या यायला लागल्या आणि म्हाताऱ्यांना घर सोडून हॉटेलात जाऊन राहावं लागलं. ली यांनी माफी मागितली. संताप खरा होता, कारण खरं होतं, दार मात्र चुकलं.

या चर्चेत एका सदस्याने लिहिलंय, ‘पत्ता काय गुपित असतो का? मतदारयादीत आहे, सातबारा ऑनलाइन आहे, पोस्टमनला माहीत आहे.’ हे मला अजिबात पटत नाही. पोस्टमनला पत्ता माहीत आहे तो पत्र देण्यासाठी. शेजारच्या काकूंना आई दुपारी एकट्या असतात हे माहीत आहे, म्हणून त्या वाटीभर आमटी घेऊन येतात. तीच माहिती चिडलेल्या जमावासमोर भांडणाच्या भरात ठेवली की तिचा अर्थच बदलतो. कोरोनात दारावर पोस्टर लागलं तेव्हा आपण हे अनुभवलंय. गल्लीला आधीच माहीत होतं कोण आजारी आहे, पण तो कागद दारावर चिकटला आणि दूधवाला यायचा थांबला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही घराच्या दाराची किंमत फार आधी कळली होती. १९६२ चा खरक सिंग खटला बघा. उत्तर प्रदेशचे पोलिस पाळत ठेवायची म्हणून रात्री त्यांच्या दारावर थाप मारायचे. तेव्हा बहुमताने न्यायालय म्हणालं की घटनेत खासगीपणाचा वेगळा हक्क नाही, पण तरीही ती रात्रीची थाप मात्र घटनाबाह्य ठरवली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आणि खरक सिंगमधला तो उलटा भाग रद्द केला. म्हणजे हक्क मान्य व्हायच्या पंचावन्न वर्षं आधीसुद्धा, रात्री दार ठोठावणं चूक आहे एवढं कळत होतं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. यात घाई आहे, म्हणून नीट वाचा.

पुरावा आधी. त्याची नोंद (म्हणजे पोस्ट) काढून टाकायची तक्रार करण्यापूर्वी तिचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख, वेळ, त्याचं खातं आणि वरची लिंक दिसेल असे. शिवाय दुसऱ्या फोनवरून व्हिडिओ काढा, पान उघडण्यापासून खालपर्यंत सरकवत. मूळ फाइल तशाच ठेवा, कापू-छाटू नका. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते कसं भरायचं हे वकील सांगतील, पण फाइलच नसेल तर वकील काय करणार?

मग तक्रार. ही नोंद ज्या ज्या ठिकाणी आहे तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव जाहीर करणं बंधनकारक आहे, आणि दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारा मजकूर त्या नियमांत स्पष्टपणे मोडतो. गूगलच्या शोधात तुमचा पत्ता यायला लागला असेल तर तो काढायची वेगळी विनंती करता येते. गूगल नकाशाच्या ‘स्ट्रीट व्ह्यू’मध्ये, म्हणजे रस्त्यावरून काढलेल्या फोटोंत, घर दिसत असेल तर ते धूसर करून घेता येतं, फक्त एकदा धूसर केलं की परत पूर्ववत होत नाही हे लक्षात ठेवा.

पोलिसांकडे जाच. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि त्याची प्रत घेऊन जवळच्या ठाण्यात जा. तो माणूस दुसऱ्या शहरातला आहे म्हणून ‘तिकडे जा’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा, की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. नुसता पत्ता उघड केला एवढ्यासाठी आपल्याकडे वेगळं कलम नाही, ही मोठी उणीव आहे. पण पाठलागासाठी न्याय संहितेचं कलम ७८ आहे, धमकीसाठी ३५१ आहे, स्त्रीच्या खासगीपणात घुसण्याबद्दल ७९ आहे. तुमच्या प्रकरणात कुठलं लागतं ते पोलिस आणि वकील ठरवतील. तुम्ही फक्त घडलं ते तारखांसकट सांगा. आणि इथेच माझा दुसरा मुद्दा येतो. तुम्हीही त्याचं घर टाकलंत, तर ठाण्यातलं पहिलं वाक्य ‘तुम्ही दोघंही सारखेच’ हे असेल. आज तुमची बाजू शंभर टक्के स्वच्छ आहे, ती तशीच राहू द्या.

सोसायटीच्या वॉचमनला आणि सेक्रेटरींना आजच सांगा. नाव आणि फ्लॅट फोनवर विचारल्याशिवाय कोणालाही वर सोडायचं नाही. असल्या भांडणांत न मागवलेली, घरी पैसे द्यायची पार्सलं पाठवायचा छळ सर्रास होतो, तेव्हा न मागवलेलं काहीही घेऊ नका. पुढचे काही आठवडे दुपारी कोणीतरी आईंजवळ असेल असं बघा. आणि आईंना सगळं खरं सांगा. लपवलं तर त्या अनोळखी माणसाला दार उघडतील, कारण आपल्या आयांना दारात आलेल्याला पाणी विचारायची सवय असते.

बाकी सदस्यांना हात जोडून विनंती. ताईंच्या बाजूने लिहिताना त्याच्या नोंदीचा स्क्रीनशॉट फिरवू नका. निषेध म्हणून तुम्ही तोच पत्ता आणखी शंभर जणांना दाखवताय. दाखवायचंच असेल तर पत्त्यावर भरीव काळी चौकट टाका. फोनमधला हायलायटर पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचं अक्षर दिसतं. आणि आपापले जुने फोटो एकदा बघून घ्या. बिया आल्या त्या पाकिटावरचं कुरिअरचं लेबल, हौसेने टाकलेली पुतणीची लग्नपत्रिका (तीत तर अख्ख्या भावकीचे पत्ते आणि मोबाइल नंबर असतात), बाल्कनीतून दिसणारं देऊळ. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर फाइलमध्ये आपोआप नोंदलेली ठिकाणाची माहिती निघून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर आत तशीच राहते.

ताई, तुमच्या बागेचे फोटो बंद करू नका. जास्वंदीचा तो दुरंगी फोटो मी जपून ठेवलाय. पुढच्या वेळी मागे एक जुनी चादर बांधा म्हणजे झालं.

तक्रारीच्या अर्जाचा मसुदा उद्या सकाळी दहापर्यंत इथेच खाली टाकतो. त्यात पत्त्याची ओळ मोकळी ठेवतोय. ती ठाण्यात बसून स्वतःच्या हाताने भरा.